नेपल्सच्या पिझ्झेरियात पहिल्यांदा जेवायला जाताना

नेपल्समधल्या माझ्या पहिल्या संध्याकाळी पिझ्झा समोर आला आणि मी तो कापून मिळायची वाट बघत बसले. ताटलीच्या कडेबाहेर डोकावणारा, मधोमध चीज अजून खदखदणारा, अख्खा पिझ्झा. वाटलं, वेटर आता कापणी घेऊन येईल. मधल्या वेळात चार फोटो काढले, घरी पाठवले, त्यावर उत्तरंही आली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःचा काटा उचलून माझ्या ताटलीकडे केला आणि दुसऱ्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. खा बाई, खा. तोवर चीज आळलं होतं, मधला भाग गार आणि चिवट झाला होता. चूक पिझ्झ्याची नव्हती.

तेव्हापासून ओळखीचं कुणी तिकडे निघालं की मी आधी एकच सांगते: हा पिझ्झा भट्टीत दीड मिनिटाच्या आत तयार होतो आणि ताटलीत जेमतेम पाच-सात मिनिटं चांगला राहतो. तिथल्या रीतीभाती, म्हणजे रांग, घाई, आटोपशीर मेनू, न कापलेला पिझ्झा, जेवण झाल्यावर पटकन उठणं, सगळं या हिशेबाने बघितलं की कोड्यात पडायला होत नाही.

आधी, 'अस्सल' म्हणजे काय ते

नेपल्समध्ये 'अस्सल' ही पाटी प्रत्येक कोपऱ्यावर आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी. १९८४ साली इथल्या पिझ्झावाल्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली, 'असोचियात्सियोने वेराचे पिझ्झा नापोलेताना'. तिने आपल्या पिझ्झ्याचे नियम लिहून काढले. २०१० मध्ये युरोपीय संघाने 'पिझ्झा नापोलेताना'ला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं. २०१७ मध्ये युनेस्कोने पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान पिझ्झ्याला नाही, तो करणाऱ्या हातांना आहे, हा फरक नेपल्सचे लोक आवर्जून सांगतात. या कारागिराला तिथे 'पिझ्झायुओलो' म्हणतात.

नियमांतला जेवणाऱ्याच्या कामाचा भाग एवढाच: कणकेत पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, बाकी काही नाही. तेल नाही, साखर नाही. गोळा कित्येक तास फुगू द्यायचा आणि मग हाताने पसरायचा, लाटणं वर्ज्य. भट्टीचा तळ साधारण ४८५ अंश सेल्सियस, भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. व्यास जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर, फुगलेला काठ एक-दोन सेंटिमीटर, मध्यभाग काही मिलिमीटर. या काठाला 'कोर्निचोने' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संघटनेच्या सदस्य दुकानांवर पाटी असते, हातात लांब दांड्याचं फावडं घेतलेल्या पुल्चिनेल्लाची. पुल्चिनेल्ला म्हणजे नेपल्सच्या लोकनाट्यातलं ते काळ्या मुखवट्याचं, पांढऱ्या झग्यातलं पात्र. पाटी दिसली तर चांगलंच, पण नाही दिसली म्हणून पुढे जाऊ नका. शहरातली किती तरी उत्तम दुकानं तिच्याविनाच चालतात. गंमत म्हणजे जुन्या गल्ल्यांतली काही नावाजलेली दुकानं ३५ सेंटिमीटरचा नियम रोज मोडतात आणि तरीही त्यांच्या अस्सलपणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

कुठे जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्याने जुन्या शहरातून सुरुवात करावी. 'वीया देई त्रिबुनाली' हा अरुंद, सरळसोट रस्ता म्हणजे पिझ्झ्याचा बाजारच. 'सोर्बिल्लो' इथेच, 'दी मात्तेओ' इथेच. १९९४ मध्ये जी-सात परिषदेसाठी आलेले बिल क्लिंटन 'दी मात्तेओ'त पिझ्झा खाऊन गेले. मुख्य रेल्वे स्टेशनच्या बाजूने चालत आलात तर वाटेतच 'दा मिकेले' लागतं. १८७० पासूनचा हा घराणेदार धंदा. तिथला मेनू बोटांवर मोजण्याइतका, कारण वर्षानुवर्षं त्यांनी मारिनारा आणि मार्गरिटा हे दोनच पिझ्झे केले. थोडं वर, मातेरदेई भागात, १९०१ पासूनचं 'स्तारीता' आहे. मातेरदेई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. समुद्राच्या बाजूला, सान्नाझारो चौकात, 'चिंक्वान्ता कालो' आहे. जागा मोकळी, टेबलं नीट मांडलेली, कणीक फार हलकी. नावातली 'चिंक्वान्ता' म्हणजे पन्नास. स्वप्नांवरून लॉटरीचे आकडे काढायची नेपल्सची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात ५० म्हणजे पाव.

या दुकानांत पिझ्झ्याचे दोन पंथ दिसतील. एक जुना, 'रुओता दी कार्रो', म्हणजे गाडीचं चाक: भला मोठा, पातळ, काठ बेताचा, ताटलीबाहेर लोंबणारा. 'दा मिकेले'चा या पंथातला. दुसरा नवा, 'कानोत्तो', म्हणजे रबरी होडी: काठ टम्म फुगलेला, आत जाळी पडलेला. या शैलीची चर्चा नेपल्सच्या उत्तरेला असलेल्या कासेर्ताच्या बाजूने जास्त झाली. कुठला चांगला यावर तिथे दोन मित्र तासभर भांडू शकतात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा चाक खा. होडीचा फोटो छान येतो.

पर्यटकांच्या मुख्य रस्त्यावर कुणी हातात मेनू घेऊन तुम्हाला आत ओढत असेल, मेनूवर पदार्थांचे चकचकीत फोटो असतील आणि तिथेच लसान्या, बर्गर, पाएयासुद्धा मिळत असतील, तर सरळ पुढे चला. चांगल्या पिझ्झेरियाला बोलवावं लागत नाही, उलट दारातली माणसं आवरावी लागतात.

वेळ आणि रांग

दुपारी बाराच्या सुमारास दारं उघडतात, तीन-साडेतीनला बंद होतात, संध्याकाळी सातला पुन्हा उघडतात. स्थानिक लोक रात्री साडेआठ-नऊच्या आत फारसे जेवायला निघत नाहीत. त्यामुळे सव्वाबाराला किंवा सातच्या ठोक्याला पोचलात तर रांग सुसह्य असते. रविवारी बरीच जुनी दुकानं बंद असतात. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे तर अर्धं शहर सुट्टीवर जातं. निघण्यापूर्वी बघून घ्या.

रांग म्हणजे एकामागे एक उभी असलेली माणसं, अशी कल्पना करू नका. दारासमोर घोळका असतो आणि त्यात शिस्त दिसत नाही, पण असते. घोळक्यातून वाट काढत दारातल्या माणसापर्यंत जायचं. त्याच्या हातात वही, नाहीतर नंबरच्या चिठ्ठ्या. तो विचारणार, 'क्वांती सिएते?' कितीजण आहात? 'दुए' म्हणजे दोन, 'त्रे' तीन, 'क्वात्त्रो' चार. मग तो नंबर देईल किंवा नाव लिहून घेईल. हे न करता नुसतेच घोळक्यात उभे राहिलात तर तास गेला तरी कुणी विचारणार नाही. माझ्यासमोर एक जोडपं असंच चाळीस मिनिटं उभं होतं. मागून आलेली माणसं आत जाताना बघून ते चिडत होते आणि वहीत त्यांचं नावच नव्हतं.

नाव सांगताना दोन अक्षरी सांगा. घरच्यांनी ठेवलेलं चार अक्षरी नाव मी एकदा प्रामाणिकपणे सांगितलं. अर्ध्या तासाने दारातून जे काही ओरडलं गेलं ते माझंच नाव आहे हे मला तिसऱ्या हाकेला कळलं. आता मी 'अना' असते. नंबर मिळाला तर तो इटालियनमध्ये कसा म्हणतात ते तिथेच कुणाला तरी विचारून ठेवा, कारण पुकारा लाऊडस्पीकरवर आणि झपाट्याने होतो. बॅग पुढे धरा आणि गल्लीतून येणाऱ्या स्कूटरला जागा द्या. ती थांबत नसते.

एकटे किंवा दुकटे असाल तर अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसवतील. संकोच नको. शेजाऱ्याला 'बुओनासेरा' म्हणा आणि बसा. शेजाऱ्याने काय मागवलंय ते जवळून बघायला मिळतं, हा फायदाच.

बसल्यावर

जुन्या दुकानांत संगमरवरी टेबल, कागदी रुमाल आणि काटा-सुरी, एवढाच थाट. मेनू हातात पडल्यावर पाच मिनिटांत वेटर येणार. त्याला आधी पाणी सांगून टाका: 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रित्सांते' म्हणजे बुडबुड्यांचं. पाणी बाटलीतूनच येतं आणि त्याचे पैसे लागतात. पिझ्झ्याबरोबर तिथे बहुतेक जण बिअर किंवा कोला घेतात. वाइनचा आग्रह कुणी करत नाही. कॅपुचिनो मात्र मागू नका. ते सकाळचं पेय आहे, जेवणानंतर दुधाळ कॉफी मागितली की वेटरच्या चेहऱ्यावर काळजी दिसते.

भूक मोठी असेल तर आधी तळणीचं काही. 'क्रोक्के' म्हणजे बटाट्याचा लांबट तळलेला रोल, आत चीज. 'फ्रित्तातीना' म्हणजे पास्ता पांढऱ्या सॉसमध्ये घट्ट मळून, वड्या पाडून, पिठात बुडवून तळलेला. दोन्ही झकास, दोन्ही जड. दोघांत एक पुरे, कारण पिझ्झा माणशी एक मागवायचा असतो. चौघांत दोन मागवून वाटून खाणं तिथे विचित्र दिसतं, आणि वाटावाटीत तो गार होतो हे खरं नुकसान.

काय मागवायचं

पहिला पिझ्झा मार्गरिटा. यावर मी वाद घालणार नाही. टोमॅटो, मोझरेला, बेसिलची पानं, ऑलिव्ह तेल. यात लपायला जागा नाही. कणीक नीट फुगली नसेल, टोमॅटो आंबट असेल, भट्टी थंडावली असेल, सगळं पहिल्या घासात कळतं. टोमॅटो शिजवून केलेला सॉस नसतो. सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घातलेलं असतं, बस. ते शिजतात पिझ्झ्यावर, त्या दीड मिनिटात. म्हणून त्यांची चव इतकी ताजी लागते.

या पिझ्झ्याची गोष्ट तुम्हाला कुणी तरी सांगेलच. १८८९ च्या जूनमध्ये राणी मार्गरिटा नेपल्सला आली, राफाएले एस्पोसितो नावाच्या पिझ्झावाल्याने तिच्यासाठी तीन पिझ्झे केले, तिला इटलीच्या झेंड्यासारखा तिरंगी आवडला आणि त्याला तिचं नाव मिळालं. 'ब्रांदी' या दुकानाबाहेर तशी पाटीही आहे. इतिहासकारांना ही गोष्ट तितकीशी पचत नाही. मोझरेला आणि बेसिल घातलेल्या पिझ्झ्याची वर्णनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतात. राणीने नाव दिलं असेलही, शोध लावायला ती कारण नव्हती.

मार्गरिटा घेताना चीज कुठलं ते विचारतात. 'फिओर दी लात्ते' हे गायीच्या दुधाचं, 'बुफाला' म्हशीच्या दुधाचं. म्हशीचं महाग, म्हणून पहिल्यांदा येणारे तेच घेतात. मी उलट सांगेन. म्हशीच्या मोझरेलाला पाणी फार सुटतं. नीट निथळलेलं नसेल तर पिझ्झ्याच्या मधोमध डबकं साचतं. फिओर दी लात्ते एकसारखं वितळतं, कणकेची चव दाबत नाही. म्हशीचं मोझरेला वेगळं, नुसतं, तुकडे करून, मिठाशिवाय खा. नेपल्सच्या आसपास कासेर्ता आणि सालेर्नो भागात ते बनतं आणि त्या दिवशीचं त्या दिवशी मिळतं. तो आनंद निराळा.

दुसरा पिझ्झा मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज नाही आणि नावात समुद्र असला तरी मासेही नाहीत. मार्गरिटापेक्षा जुना, मेनूवर सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित. पिझ्झायुओलोचा खरा हात बघायचा तर मारिनारात, कारण इथे चीजचाही आधार नसतो.

आता मेनूवरच्या फसव्या नावांकडे. हा भाग आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी दोनदा वाचावा.

'पेपेरोनी' म्हणजे मसालेदार सलामी नव्हे. इटालियनमध्ये तो ढोबळी मिरचीसाठीचा शब्द आहे. तुम्ही सलामीच्या आशेने मागवाल आणि भाजलेली मिरची येईल. तिखट सलामीचा पिझ्झा हवा असेल तर तो 'दियावोला'. 'रोमाना' म्हणजे अँकोव्ही मासे घातलेला पिझ्झा. हाच पिझ्झा रोममध्ये 'नापोली' नावाने मिळतो. दोन्ही शहरांनी खारट माशांचं श्रेय एकमेकांवर ढकललेलं आहे. 'अलिची' किंवा 'अच्चुगे' हे शब्द दिसले की मासे समजा. 'फ्रियारिएल्ली' ही कडसर पालेभाजी, ऐकायला शाकाहारी, पण बहुतेक वेळा ती 'साल्सिच्चा'बरोबर, म्हणजे डुकराच्या सॉसेजबरोबर येते. 'काप्रिचोसा'त मशरूम, आर्टिचोक, ऑलिव्ह आणि हमखास हॅम. 'ऑर्तोलाना' भाज्यांचा. 'कोसाक्का'वर टोमॅटो आणि किसलेलं मेंढीचं चीज. 'बियांका' असं लिहिलं असेल तर टोमॅटो नाही.

तळलेला पिझ्झा, म्हणजे 'पिझ्झा फ्रित्ता', हा नेपल्सचा दुसरा अभिमान. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत लोक घरादारात तळून विकायचे, तेही उधारीवर: आज खा, आठ दिवसांनी पैसे दे. त्याच्या पारंपरिक सारणात रिकोटा चीजबरोबर 'चीकोली' असतात, म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. शाकाहारी असाल तर 'सेंझा चीकोली', म्हणजे चीकोलीशिवाय, म्हणा, आणि कढईत काय काय तळतात तेही विचारून घ्या. फ्रित्तातीनातही मांस किंवा हॅम असतं. क्रोक्के बरेचदा शाकाहारी असतात, पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे.

मेनूच्या मागे बारीक अक्षरांत ॲलर्जीच्या पदार्थांची यादी असते. युरोपीय नियमांप्रमाणे अशा १४ घटकांची माहिती ग्राहकाला द्यावीच लागते. पण त्या यादीवर विसंबून शाकाहार ठरवू नका. डुकराची चरबी ॲलर्जीच्या यादीत बसत नाही, त्यामुळे तिथे तिची नोंदही सापडणार नाही. ती 'स्त्रुत्तो' किंवा 'सुन्या' या नावाने विचारावी लागते. नियमाप्रमाणे केलेल्या पिझ्झ्याच्या कणकेत ती नसतेच, तळणीत आणि सारणात असू शकते. कडक शाकाहारींसाठी आणखी एक: म्हशीचं पारंपरिक मोझरेला आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. ते चालत नसेल तर मारिनारा हा निर्धोक रस्ता. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मारिनारा नाही, मार्गरिटा चालेल, तिच्यात सहसा दोन्ही नसतं. वाक्य एकच पाठ करा: 'सेंझा कार्ने ए सेंझा पेशे', मांस नको आणि मासे नकोत. नुसतं 'सेंझा कार्ने' म्हटलं तर हॅम येऊ शकतो. काही वेटरांच्या लेखी हॅम हे मांस नसतं.

अननसाचा विषय काढू नका, असं मी पूर्वी सांगायचे. २०२४ च्या सुरुवातीला 'सोर्बिल्लो'च्या जीनो सोर्बिल्लोंनी स्वतःच मेनूवर अननसाचा पिझ्झा आणला आणि शहरात काहूर माजलं. त्यामुळे आता विषय काढायला हरकत नाही, फक्त वेळ हाताशी ठेवा. केचप मात्र अजूनही नाही.

वाट बघताना भट्टीकडे बघा

शक्य असेल तर भट्टी दिसेल अशा जागी बसा. संगमरवरी ओट्यावर एकजण गोळा घेतो आणि बोटांनी मधून कडेकडे दाबत जातो. आतली हवा काठात सरकवायची असते, म्हणून काठाला बोट लावत नाहीत. मग दोन हातांत झेलत, थापटत, क्षणात चकती तयार. टोमॅटो पळीच्या पाठीने मधून बाहेर गोल फिरवत पसरतो. चीज, तेलाची धार, लाकडी फावड्यावर ओढून भट्टीत.

तिथून दुसऱ्याचं राज्य. भट्टी सांभाळणारा, 'फोर्नायो', लांब लोखंडी दांड्याने पिझ्झा जागच्या जागी फिरवत राहतो, कारण ज्वाळेकडची बाजू काही सेकंदांत करपते. शेवटी तो पिझ्झा किंचित उचलून घुमटाच्या गरम हवेत धरतो आणि बाहेर काढतो. तव्यावरची भाकरी विस्तवावर धरून फुगवणाऱ्या हातांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, आत गेल्यापासून ताटलीत पडेपर्यंत ७४ सेकंद. ओट्यावर मात्र तो गोळा सकाळपासून, नाहीतर आदल्या दिवसापासून वाट बघत होता.

आला. आता?

फोटो एक. मग लगेच सुरी.

काठावरचे काळे ठिपके म्हणजे करपणं नव्हे. इतक्या उष्णतेत फुगलेल्या फोडांवर ते पडणारच, चित्त्याच्या अंगावर असतात तसे. बोटाएवढे ठिपके बरोबर, तळहाताएवढा काळा डाग असेल तर तक्रारीला जागा आहे. मधला भाग ओलसर आणि लिबलिबीत असतो, तोही कच्चा नसतो. कुरकुरीत पिझ्झ्याची सवय असलेल्यांना इथेच धक्का बसतो. हा पिझ्झा मऊ असावा, घडी घातली तर तुटू नये, असाच त्याचा नियम आहे. कुरकुरीत आवडत असेल तर रोमचा पिझ्झा त्या वळणाचा. नेपल्समध्ये 'जरा जास्त भाजून द्या' म्हणू नका. जास्त वेळ भाजला की मऊपणा जातो आणि काठ पावासारखा कोरडा होतो.

खायच्या दोन रीती. पहिली, काटा-सुरी. टोकाकडून म्हणजे मधून सुरुवात करायची, कारण मधला भाग सगळ्यात आधी बिघडतो. एक त्रिकोण कापा, त्याचं टोक काट्याने आत दुमडा, घास घ्या, काठाकडे सरकत जा. दुसरी, कापलेला त्रिकोण हातात घेऊन मधून दुमडायचा आणि टोक आत वळवायचं, म्हणजे टोमॅटो अंगावर सांडत नाही. दोन्ही रीती चालतात. हाताने खाल्लं म्हणून कुणी नावं ठेवत नाही. चार घास काटा-सुरीने आणि मग हात, असं बहुतेकांचं होतं.

काठ टाकू नका. ताटलीत कोर्निचोनेंचा ढीग ठेवून उठलेल्या माणसाकडे पिझ्झायुओलो ज्या नजरेने बघतो ती मी बघितली आहे. सगळ्यात जास्त मेहनत तिथेच असते. काठ दाबून बघा, सोडल्यावर वर आला पाहिजे. कापला की आत ओलसर जाळी दिसली पाहिजे, घट्ट पांढरा गाभा नको. गाभा पिठूळ असेल आणि रात्रभर तहान तहान होत असेल तर कणकेची घाई झाली होती, असा तिथला साधा ठोकताळा. मधला टोमॅटो संपल्यावर ताटलीत जो तेल-टोमॅटोचा रस उरतो, तो पुसायला काठ ठेवा.

उरलाच तर डब्यात भरून देतात, पण मी सुचवणार नाही. डब्यात वाफ धरते आणि पंधरा मिनिटांत सगळ्याची लापशी होते.

बिल आणि उठणं

बाहेर माणसं ताटकळत असतात, त्यामुळे पिझ्झा संपल्यावर गप्पांचा फड जमवू नका. 'इल कोंतो, पेर फावोरे' म्हटलं की बिल येतं, किंवा गल्ल्यावर जाऊन द्यायचं असतं. साधी मार्गरिटा जुन्या दुकानांत साधारण ५ ते ८ युरोंना पडते. बिलात 'कोपेर्तो' नावाचे माणशी एक-दोन युरो दिसतील. ते बसण्याचे, फसवणूक नाही, फक्त मेनूवर छापलेले असले पाहिजेत. काही ठिकाणी 'सेर्वित्सियो' म्हणून टक्केवारी लावतात. ती असेल तर वर टिप द्यायची गरज नाही. नसेल तरी सक्ती नाही, सुटे ठेवले तर आनंदाने घेतात. छोट्या दुकानांसाठी थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, आणि बिलाची पावती घेऊन निघा.

दुसऱ्या दिवशी, उभ्या उभ्या

एवढं सगळं करून रांगेचा कंटाळा आला असेल तर दुसऱ्या दिवशी 'पिझ्झा आ पोर्ताफोल्यो' खा. म्हणजे पैशांच्या पाकिटासारखा घडीचा पिझ्झा. वीया देई त्रिबुनालीवर काही दुकानांच्या दाराशी काचेच्या पेटीत छोटे पिझ्झे ठेवलेले असतात. दोन-तीन युरो द्या, तो तुमच्यादेखत चार घड्या घालून जाड कागदात गुंडाळून हातात देतो. पेटीत बराच वेळ पडलेला नको, भट्टीतून नुकताच आलेला मागा. 'काल्दो' म्हणजे गरम.

तिथे भिंतीला टेकून, किंचित पुढे वाकून, पाय फाकवून खाणारी माणसं दिसतील. ती तशी का उभी आहेत हे पहिल्या घासाला कळेल. घडीच्या खालच्या टोकात सगळं गरम तेल आणि टोमॅटोचा रस साठलेला असतो आणि तो नेमका तेव्हाच बाहेर येतो. पांढरा शर्ट त्या दिवशी घालू नका.